उजव्या पायाखालचं कमळ

आमच्या घरात ते दोन डब्यांचं औषध आलं जळालेल्या मोटारींमुळे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पांढुर्ण्याच्या आसपास ज्याच्या वावरात विहीर त्याच्या विहिरीवर मोटार, आणि ज्याच्याकडे मोटार तो वर्षातून एकदा तरी ती जाळून, बैलगाडीत टाकून, माझ्या नवऱ्याच्या दुकानात हजर. विजेचा दाब असा की दिव्यातली तार नुसती लाल दिसायची, आणि संत्र्याची झाडं काही दाब वाढायची वाट बघत नसत. नवरा तांब्याची तार गुंडाळून मोटारी पुन्हा भरून द्यायचा. केबलचे जोड पाण्यात टिकावेत म्हणून त्याच्याकडे रेझिनचा एक डबा असे आणि हार्डनरचा एक. रेझिन मधासारखं घट्ट, हार्डनर पातळ आणि नाकाला झोंबणारं. दोन्ही मिसळलं की थोड्या वेळानं वाटी आपोआप गरम व्हायची आणि आतला रस दगडासारखा होऊन बसायचा.

उरलेलं मिश्रण फेकून देणं माझ्या जिवावर यायचं. एकदा घरातल्या तडकलेल्या पाटाच्या चिरेत मी ते ओतलं, आणि कशाला नुसतं ओतायचं म्हणून चिमूटभर गेरू घातला. दुसऱ्या दिवशी पाटावर लाल नदी काढल्यासारखी दिसत होती. मला तर ती इतकी आवडली की दिवसभर मी येताजाता तिच्यावरून बोट फिरवत होते.

सासऱ्यांना मात्र हा प्रकार मुळीच पसंत पडला नाही. हंगामात ते संत्र्याच्या पेट्या ठोकायचे आणि हंगाम उलटला की सागवानाचे पाट आणि चौरंग करायचे. लाकडात भरायचं तर पितळेची तार भरावी, हे असलं मोटारीचं औषध भरू नये, असं त्यांचं मत. पण गिऱ्हाइकांना रंग आवडले. मग त्यांनी पटाशीनं वेल कोरायचा, मी त्यात हिरवा, निळा, पिवळा रस ओतायचा आणि घट्ट झाल्यावर त्यांनी तो पॉलिशपेपरनं घासून लाकडाच्या बरोबरीला आणायचा, अशी आमची जोडी जमली. कौतुक त्यांनी कधी केलं नाही. फक्त कोरताना खाच जरा जास्त खोल घ्यायला लागले, त्यावरून मी काय ते समजले.

माझी नणंद त्या घरातलं शेंडेफळ. लहानपणी पोलिओ झाला आणि तिचा उजवा पाय बारीक आणि आखूड राहिला. चालताना ती उजवीकडे झुकायची आणि पुन्हा वर यायची. बाकी तिच्यात झुकण्यासारखं काही नव्हतं. सौंसरचे पाहुणे बघायला आले तेव्हा चहा ठेवून झाल्यावर ती स्वतःहून अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आली आणि म्हणाली, "पाहून घ्या नीट. मांगून कोणी म्हणू नये का सांगतलं नाही." मुलगा शाळेत मास्तर होता. तो हसला आणि म्हणाला, "पाहून घेतलं. आता बसा, चहा थंडा होऊन राहिला." लग्न तिथंच ठरलं म्हणायचं.

गडबड झाली ती साखरपुड्याला. ओवाळायला तिला उभं केलं. बायकांचं ओवाळणं लांबलं, तिचा पाय थकला आणि ती जराशी डुलली. लगेच दोघीतिघींनी धावून तिला दोन्हीकडून धरलं. "धरा, धरा, पडन ते." कोणाच्या मनात वाईट नव्हतं. पण सगळ्या मांडवाचे डोळे तिच्या साडीच्या काठाखाली गेले. तिचा चेहरा असा झाला होता की मी ओवाळणीचं तबक कोणाच्या तरी हातात कोंबलं आणि तिला आत घेऊन गेले. रडली नाही ती. बांगड्या मागेपुढे करत म्हणाली, "वहिनी, लग्नात मले कोणी धरू नये. मंगलाष्टकं होतवर मी माह्या मनानं उभी रायली पाहिजे. मले बाकी काही नाही पाहिजे."

मागणं तसं एवढंसंच. पण नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो, आणि तिचा मामा म्हणजे दांडगा, मिशाळ, लोण्याच्या काळजाचा माणूस. त्यानं आधीच जाहीर केलं होतं की पोरीला दोन्ही खांद्यांना धरून तो उभा राहणार, काही झालं तरी पडू देणार नाही. त्याला नको म्हणायची कोणाची छाती नव्हती. म्हटलं असतं तर तो मांडवातच हुंदके देत बसला असता.

मी सासऱ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि तिच्या उजव्या पायाखाली पेटीच्या पातळ फळ्या एकेक सारायला सुरुवात केली. मी समोरून खांदे बघत होते. एवढ्या वर्षांत तो पाय तिनं बापाला हातात घेऊ दिला नव्हता. ती छताकडे बघत होती आणि सासरे जमिनीकडे. दोन्ही खांदे सारखे झाले तेव्हा मी म्हटलं, "बास, बाबूजी." त्यांनी फळ्यांचा गठ्ठा उचलला आणि दोन बोटं लावून जाडी मापली. तेवढाच होता तो फरक, जाडजूड दोन बोटांचा. त्याच्यापायी त्या पोरीनं जन्मभर किती नजरा झेलल्या, या विचारानं मला संतापच आला. कोणावर, ते मात्र कळेना.

नवरानवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना पाटावर उभी राहतात. पाटावर चपला नसतात. तेव्हा जे काही करायचं ते पाटातच. सासऱ्यांनी आधी उजव्या बाजूला सरळ एक ठोकळा ठोकून दाखवला. नणंद बघून म्हणाली, "हे तं तिवईचा मोडका पाय दिसून राहिला." मग त्यांनी ठोकळा काढला आणि नवी युक्ती केली. पाटावर दोन कमळं कोरायची, एका पावलाला एक. डावं पाटाच्या बरोबरीला, उजवं दोन बोटं वर उठलेलं. उठलेल्या कमळाचा गाभा सागवानाचा, पाटात खोल बसवलेला, आणि त्याच्याभोवती चढत जाणाऱ्या पाकळ्या माझ्या रंगीत रेझिनच्या. नुसत्या सागवानाच्या पाकळ्या पातळ झाल्या असत्या आणि वजनानं तुटल्या असत्या. बघणाऱ्याला वाटावं, कारागिरानं हौसेनं एक कमळ उमललेलं केलं आणि एक मिटलेलं. हे सगळं सासऱ्यांनी मला हातवारे करून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "आता तुह्या औषधावर हाय."

असं म्हटल्यावर माणूस जास्त शहाणपण करायला जातो. मी तेच केलं. पाकळ्यांना केशरी रंग हवा होता आणि तो साधासुधा नको होता. माझं माहेर रामाकोन्याचं. जाता-येता जामसांवलीच्या हनुमानाचं दर्शन घ्यायची सवय, आणि तिथला शेंदूर देव्हाऱ्याजवळ पुडीत जपून ठेवलेला. मला वाटलं, यापेक्षा चांगला केशरी रंग कुठला, आणि वर देवाचा आशीर्वाद. पुडी सोडली आणि भक्तिभावानं रेझिनमध्ये कालवली. देवाच्या अंगावरचा शेंदूर तेलात खललेला असतो, हे जन्मभर कपाळाला लावत आलेल्या मला त्या वेळी आठवलं नाही.

तेल घातलेलं रेझिन काय घट्ट होणार. रंग असा सुरेख आला की शेजारणी बघून गेल्या, पण दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर चिकट, तिसऱ्या दिवशीही चिकट. माशी बसली ती तिथंच राहिली. नवऱ्यानं वाकून वास घेतला, बोटांत मळून पाहिलं आणि विचारलं, "यात तेल कुठून आलं?" मी पुडी दाखवली. तो कपाळाला हात लावून बसला आणि मग हसायलाच लागला. "देवाले बी मोटारीत भरलं तू?" मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही. हसण्यासारखं काय होतं त्यात? लग्न तोंडावर आलं होतं.

सासऱ्यांनी पटाशी गरम करून तो सगळा केशरी चिखल खरवडून काढला. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. यावेळी मी भिंतीच्या चुन्यात घालायची सुकी पिवडी घेतली, त्यात थोडा गेरू, दोन्ही तव्यावर कोरडे करून फडक्यातून गाळले आणि माप काटेकोर घेऊन पुन्हा ओतलं.

आणि त्याच दिवशी आभाळ फाटलं. माघातली गारपीट. संत्र्याच्या आंबिया बहराचा फुलोरा झाडाखाली सडा होऊन पडला, तारांचे खांब आडवे झाले आणि सगळ्या पांढुर्ण्याची वीज गेली. एरवी दुकानात ओल्या मोटारी वाळवायला मोठा दिवा लावलेली पेटी होती, पाट तीत ठेवला असता. पण वीजच नव्हती. उन्हात ठेवावा तर ऊन नव्हतं. गारठा असा की खोबरेल तेल बाटलीत थिजलेलं. अशा थंडीत रेझिन घट्ट होत नाही, नुसतं जाडसर होऊन पडून राहतं. चुलीजवळ नेऊन पाहिलं तर कडेला बुडबुडे आले आणि पाट एका अंगानं वाकायला लागला. घाबरून मागे घेतला. धग नको होती, ऊब हवी होती. सारखी, संथ, दिवसरात्रीची.

अशी ऊब घरात एकाच ठिकाणी होती. माझी धाकटी जाऊ दुसऱ्या खेपेची बाळंतीण होती. मागच्या अंगाची खोली, दार बंद, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. सासूबाई स्वतः निखारे बदलायच्या, एकदाही विझू द्यायच्या नाहीत. आत गेलं की चैत्र लागल्यासारखं वाटायचं. बारसं होऊन घराचा सुवेर फिटला होता, म्हणून तर लग्न करता येत होतं. पण सव्वा महिना होईपर्यंत बाळंतिणीच्या खोलीत देवाधर्माची आणि मंगलकार्याची वस्तू न्यायची नाही, हा सासूबाईंचा नेम होता. रुखवताचे लाडू वळायला जाऊ सगळ्यात हुशार, पण तिला त्यांच्या परातीला हात लावू दिला नव्हता. नवरीचा पाट तर लांबच राहिला.

मी दोनदा विषय काढायला गेले आणि दोनदा भाजी निवडून परत आले. सासूबाई वाईट नव्हत्या. पण लेकीच्या लग्नात काही अपशकुन झाला तर तो आपल्या ढिलाईनं झाला असं त्यांना वाटलं असतं, आणि ते ओझं त्यांच्या डोक्यावर घालायला माझी जीभ उचलेना. शेवटी जावेनंच आतून हाक मारली. भिंती पातळ, तिला सगळं ऐकू जात होतं. "आई, मले इथं पडून पडून कटाळा आला. तो पाट आणा इकडं, मी राखण करतो त्याची."

सासूबाई ओसरीवर आल्या. पाट तिथंच होता, पाकळ्यांवर मऊ साय धरल्यासारखा. त्यांनी एका पाकळीला बोट लावलं, बोटाचा ठसा उमटला. त्या ठशाकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. त्यांच्या मागे दारात नणंद उभी होती, चौकटीला रेलून. मला वाटतं, तिनं तोंड उघडलं असतं तर सासूबाईंनी नाहीच म्हटलं असतं.

"याले हळदीकुंकू लागलं का?" सासूबाईंनी मला विचारलं.

"नाही अजून."

"मंग हे लाकूड हाय," त्या म्हणाल्या. "हळदीकुंकू लागन तवा पाट होईन. लाकडाले कायचा आला नेम." आणि पदर खोचून त्यांनी स्वतः तो उचलला, कोणाला हात लावू न देता आत नेला आणि बाजेच्या पायथ्याशी, शेगडीपासून हातभर लांब, भिंतीला न टेकवता आडवा ठेवला. वास फारसा उरला नव्हता, तरी बाळाला बाधायला नको म्हणून झरोका उघडा ठेवायला सांगितला. जावेनं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

लग्नाच्या आदल्या सकाळी तिनं आतून नखानं पाकळीवर टकटक केली. तो आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला. कडक, कोरडा, दगडावर नख मारल्यासारखा. मी धावत गेले, टेकून पाहिलं, अंगठा दाबून पाहिला, शेवटी स्वतः चढून उभी राहिले. काही हललं नाही. मी तिथंच बाजेच्या कडेला बसून वेड्यासारखी हसले. बाळ जागं झालं म्हणून जाऊ चिडली. सासऱ्यांनी पाट बाहेर नेऊन घासला. मला त्याला आरशासारखी चकाकी आणायची होती. ते म्हणाले, "चमकलं का घसरलं. तिले उभं राहाचं हाय, तोंड नाही पाहाचं त्यात." मग राहू दिला तसाच, मंद.

लग्न आमच्याच दारातल्या मांडवात झालं. गारपिटीनंतर कडकडीत ऊन पडलं होतं. सासूबाईंनी पाटाला हळदीकुंकू लावलं, नणंद त्यावर चढली, उजवं पाऊल उंच कमळावर ठेवलं, आणि अंतरपाट धरला गेला. मामा मागे येऊन उभा राहिला, दोन्ही हात तिच्या खांद्यांच्या वीतभर वर, जणू भांडं कलंडलं तर झेलायला. मी बाजूला अक्षतांचं ताट घेऊन उभी होते आणि माझी नजर त्या दोन पावलांवर होती. पाय धुतलेले, ओले. मला एकेक वाईट गोष्ट सुचत होती. पाकळी तडकेल. गाभा हलेल. ऊन लागून रेझिन मऊ पडेल आणि पाऊल चिकटून बसेल.

भटजींची मंगलाष्टकं संपली. मग आमच्या आळीतल्या बायकांनी म्हटली. मग नवऱ्यामुलाचे काका पुढे आले. त्यांनी स्वतः रचलेली होती, अर्धी मराठी, अर्धी हिंदी, आणि त्यांत सौंसरच्या सगळ्या आप्तेष्टांची नावं गुंफली होती. सौंसरला माणसं फार. प्रत्येक कडव्याला मला वाटे, आता संपलं, आणि काका खिशातला कागद उलटत. त्या गृहस्थांशी माझं पुढं चांगलं जमलं, पण त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणाले ते लिहिता येणार नाही.

पावलं हलली नाहीत. टाचा कमळांवर घट्ट, घोटे स्थिर, साडीचा काठ दोन्हीकडे सारखा. कधीतरी माझ्या ताटात एक दांडगा हात शिरला. मामाचा. त्यानं मूठभर अक्षता घेतल्या, मग दुसऱ्या हातानंही घेतल्या. त्याचे दोन्ही हात नवरीवरून निघाले होते. शेवटच्या ‘सावधान’ला त्यानं दोन्ही मुठी अशा उधळल्या की निम्म्या अक्षता भटजींच्या पागोट्यात गेल्या.

अंतरपाट सरला, बँड सुरू झाला, हार घातले गेले. ताट खाली ठेवून मी खांबाला धरलं. शेजारी नवरा आला आणि म्हणाला, "पाह्यलं का, कशी दिसत होती ते?" तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी तिचा चेहरा पाहिलाच नव्हता. नवरीचा शालू, मुंडावळ्या, तिच्या डोळ्यांत काय होतं, काही नाही. पूर्ण लग्नात मी फक्त दोन पाय पाहिले होते.

मी मान वर केली. ती पाटावरून उतरत होती. मास्तरनं हात पुढं केला, तिनं तो हसून बाजूला सारला आणि स्वतःच उतरली. कमळ मागे राहिलं, पाय जमिनीला लागला आणि ती नेहमीसारखी उजवीकडे झुकली. मग तशीच, झुकत आणि वर येत, भर मांडवातून, पांढुर्णा आणि सौंसर अशा दोन्ही गावांच्या वऱ्हाडासमोरून, ती मागच्या खोलीच्या दाराकडे निघाली. तिथं उंबऱ्याच्या आत जाऊ बाळाला घेऊन उभी होती, तिला बाहेर यायला मनाई होती. लोक बघत होते. मुद्दाम बघत होते. ती कुठंही घाई करत नव्हती. कोणी तिला धरायला उठलं नाही.